झाडं वेळेवर फुलली तेव्हा

वातावरण बदल शिकवणाऱ्या बाईच्या शेजारी लग्नाच्या पंगतीत कुणी आपणहून बसत नाही. बसलंच, तर जिलेबी उचलता उचलता विचारतं, "मग मॅडम, किती वर्षं उरली आपली?" मी मुळात नाटकी. लगेच उत्तर देत नाही. घास संपू देते, चेहरा लांब करते आणि म्हणते, "तुम्ही मठ्ठा आत्ताच घेऊन ठेवा." समोरची रांग हसते, नवरा टेबलाखालून पाय मारतो आणि जेवण पुढे सरकतं.

गेली पंचवीसेक वर्षं मी बोरीवलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. त्यातलं माझं स्वतःचं काम म्हणजे हवामान बदलतं तसं जंगल कसं बदलतं ते बघणं. राहते मुलुंडला. म्हणजे घर आणि नोकरी यांच्यामध्ये फक्त एक जंगल आहे. सकाळी गॅलरीत चहा पिताना जो डोंगर दिसतो, त्याच्या पलीकडच्या पायथ्याला माझं कॉलेज. बिबट्याने मनावर घेतलं तर चहा गार व्हायच्या आत पोचेल. मी डोंगराला वळसा घालून दीड तासाने पोचते, तेही रिक्षावाल्याची मर्जी असेल तर.

वर्गात मी उड्या मारते. मधमाशी होते, फूल होते, एकदा तर टेबलावर चढून ढगही झाले होते. "ही बघा मधमाशी. वर्षानुवर्षं ठरलेल्या वेळी येते. आज नटूनथटून आली, आणि नाटक काय? गेल्या आठवड्यातच संपलं! फुलं गळून गेली. आता ही खाणार काय, आणि झाडाला फळ धरणार कसं?" मुलं खिदळतात. खिदळता खिदळता कळतं त्यांना. अशी ही मी, आणि आयुष्यात एकदाच मी एका आलेखासाठी पेढे वाटले. त्याची ही हकीकत.

काम सांगायला सोपं आहे. ह्याच जंगलात, म्हणजे राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, रीतसर परवानगी घेऊन, आम्ही चाळीस झाडं निवडली. प्रत्येकाच्या बुंध्याला आकडा ठोकून उमटवलेली ॲल्युमिनियमची चकती लावली. दर गुरुवारी त्या चाळीसही झाडांखाली जाऊन वर बघायचं. नवी पालवी आहे का, कळी आहे का, फूल आहे का, फळ आहे का, आणि असेल तर किती. शून्य ते चार असे गुण द्यायचे. बस. एक वर्ष केलं तर लोक तुम्हाला रिकामटेकडं म्हणतात. दहा वर्षं केलं तर कळायला लागतं की झाडं आपली वेळ बदलताहेत. गुरुवारच का, तर गुरुवारी आमच्याकडे प्रॅक्टिकल नसायचं. विज्ञानातल्या पुष्कळ गोष्टी अशाच ठरतात.

बरोबर यायचे प्रयोगशाळेतले मामा. कॉलेजातल्या सगळ्याच शिपायांना आणि परिचरांना मुलं मामा म्हणतात, पण हे खरोखरच कुणाचे तरी मामा वाटायचे. ठेंगणे, गोल पोटाचे, खिशात कायम तपकिरीची डबी. मालवणकडचे. वडील गिरणीत होते. हे बारावीला अडकले आणि आमच्याकडे परीक्षानळ्या धुवायला लागले. पहिल्या गुरुवारी त्यांनी चकत्यांची पिशवी खांद्यावर टाकली आणि मला विचारलं, "म्हणजे मॅडम, झाडाक फूल इला काय ता बघूक माका पगार?"

"होय."

"झकास. गावाक कळवतंय."

गुण कसे द्यायचे ते मी त्यांना पुस्तकातल्यासारखं समजावलं. फांद्यांपैकी इतके टक्के, तितके टक्के. मामा मान डोलवायचे आणि सगळ्याच झाडांना दोन द्यायचे. मग कधीतरी कळलं की तरुणपणी हे गावच्या जत्रेत दशावतारात काम करायचे. मी पुस्तक मिटलं. म्हटलं, "मामा, झाड म्हणजे मांडव समजा. शून्य म्हणजे चिटपाखरू नाही. एक म्हणजे पुढे चार पोरं बसलीत. दोन म्हणजे अर्धा भरलाय. तीन म्हणजे बाया आल्या. चार म्हणजे पाय ठेवायला जागा नाही."

त्यानंतर त्यांची नोंद चुकली नाही. मी मुद्दाम मागून जाऊन तपासायची. एकदाही नाही. उलट मीच तीन दिले असले तर ते वर बघत म्हणायचे, "बाया खंय दिसतत तुमका?" आणि मी खोडून दोन करायची.

सात-आठ वर्षं आम्ही दोघं गेलो. मग मी विभागप्रमुख झाले. समित्या आल्या, समित्यांचे अहवाल आले, अहवालांवर समित्या आल्या. गुरुवार बैठकांनी खाल्ला. मामा एकटे जायला लागले. सुरुवातीला मी दर महिन्याला जाऊन तपासायची, मग सहा महिन्यांनी, मग 'परीक्षा झाल्या की नक्की'. दुपारी ते वही आणून टेबलावर ठेवायचे. माझ्याकडे 'तपासले' असा रबरी शिक्का होता. तो मी मारायची. त्याचा आवाज मोठा झकास यायचा.

वर्षाच्या शेवटी मी त्या नोंदींचा आलेख काढायची. दर वर्षी रेघ थोडी थोडी खाली उतरत होती. खाली म्हणजे लवकर. पालवी लवकर, फूल लवकर, आणि काही झाडं तर दोनदा फुलायची आणि फळ एकदाही धरायची नाहीत. त्यावर मी लेख लिहिले, परिषदांना गेले, बढत्या घेतल्या. खोटं कशाला बोलू, जंगल बिघडत होतं त्यावर माझं बरं चाललं होतं. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही इतक्या मजेत सांगता. तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"रडत सांगितलं तर तू उद्या लेक्चरला येशील का गं?"

"नाही."

वर्ग हसला. मी हात धुवायच्या निमित्ताने बेसिनपाशी गेले आणि हात स्वच्छ झाल्यावरही बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

आणि मग झाडं परत आली.

पहिल्या वर्षी मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या वर्षी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तिसऱ्या वर्षी शंका उरली नाही. उतरत आलेली रेघ वळून वर गेली होती. चाळीसपैकी बहुतेक झाडं आपल्या जुन्या वेळेला फुलत होती, आम्ही नोंदी सुरू केल्या तेव्हाच्या वेळेला. मी कारणं शोधली. जवळच्या ओढ्याचं पाणी अडवलं होतं, खालची झुडपं दाट झाली होती, त्या कोपऱ्यात गारवा वाढला असेल. शहराच्या मधोमध असलेलं एक जंगल स्वतःला सावरतंय! हे सांगायला मिळावं म्हणून माझ्या धंद्यातली माणसं आयुष्यभर वाट बघतात आणि वाट बघतच निवृत्त होतात.

मी स्टेशनजवळच्या दुकानातून दोन किलो मलई पेढे आणले आणि स्टाफरूममध्ये वाजतगाजत शिरले. संख्याशास्त्राचे एक सर आहेत आमचे. सरळ बोलणं त्यांना माहीत नाही. ते म्हणाले, "बाई, तीन ठिपक्यांना दोन किलो?"

"एका ठिपक्याला किलोसुद्धा नाही पडत, सर. खा."

"इतके छान ठिपके मी फक्त पाठ्यपुस्तकात बघितलेत."

"तुमचा जन्मच पाठ्यपुस्तकात झालाय."

सगळे हसले. त्यांनी पेढा खाल्ला, पण दुसरा घेतला नाही. तेव्हाच मला थांबायला हवं होतं. मी थांबले नाही, कारण मी पेढे घेऊन प्रयोगशाळेत धावले होते. मामा कपाट लावत होते. मी त्यांच्या हातात पेढा कोंबला आणि त्यांना धरून अक्षरशः एक गिरकी घेतली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. "मामा, तुमच्या वहीने कमाल केली! झाडं परत आली हो!" मामा पेढा हातात धरून उभे राहिले. मला वाटलं, त्यांना भरून आलंय.

ते मेअखेर निवृत्त होणार होते. मी मनातल्या मनात बेत केला. ह्या लेखावर माझ्या नावाशेजारी मामांचं नाव लेखक म्हणून घालायचं, आणि निरोप समारंभात छापील पान त्यांच्या हातात द्यायचं. परीक्षानळ्या धुणारा माणूस संशोधक! असा प्रवेश मी सोडणार थोडीच.

लेखासाठी एक फोटो हवा होता. सतरा नंबरचं झाड कुसुमाचं आहे. कुसुमाची नवी पालवी लालबुंद असते, इतकी की नवखी मुलं तिला फुलं समजतात. आदल्याच गुरुवारी वहीत लिहिलं होतं: सतरा, नवी पालवी, चार. मी शनिवारी कॅमेरा घेऊन गेले. किती वर्षांनी एकटी गेले होते.

सतरा नंबर हिरवागार होता. नुसता हिरवा नाही, जून हिरवा. पानं चामड्यासारखी झाली होती. अशी पानं व्हायला लाल पालवी येऊन कितीतरी आठवडे उलटावे लागतात. मी चकती बघितली. सतराच. अठराला गेले. वहीत कळ्या होत्या, झाडावर फळं. एकवीस, बावीस, तेवीस. वही उघडून झाडाझाडाखाली मी चाललेली, आणि वहीतलं एकही झाड माझ्या समोरच्या झाडाशी जुळेना. वहीत मार्च चालू होता. जंगलात मार्च होऊन गेला होता.

झाडं परत आलीच नव्हती.

मी एका दगडावर बसले. आधी काय वाटलं ते सांगते, कारण ते चांगलं नाही. मला वाटलं, हा माणूस गेटबाहेरच्या टपरीवर चहा पीत बसतो आणि वहीत आकडे भरतो. तीन वर्षं. आणि मी त्याला धरून गिरकी घेतली.

पुढच्या गुरुवारी मी बैठक बुडवली. हिरवा सलवार-कमीज घातला, हिरवी ओढणी डोक्यावरून घेतली आणि बारा नंबरजवळच्या बांबूच्या बेटामागे लपून बसले. वय त्रेपन्न, पदवी डॉक्टरेट. डास चावत होते आणि मी मनात संवाद जुळवत होते. 'मामा, चहा कसा होता?' हे पहिलं वाक्य ठरलं होतं.

मामा आले. वेळेवर आले. एक नंबरपाशी थांबले आणि बुंध्यावर तळवा ठेवला. मग अंगठा हळूहळू चकतीवर फिरवला, उमटवलेल्या आकड्यावरून, एकदा, दोनदा. मग वर बघितलं. खूप वेळ बघितलं. मान डावीकडे वाकडी केली, मग उजवीकडे, कोंबडी बघते तशी. मग वही नाकाला लागेल इतकी जवळ धरून काहीतरी लिहिलं आणि दोन नंबरकडे निघाले. वाटेतला दगड त्यांनी बरोबर चुकवला. दोन नंबरला तळवा, अंगठा, मान. तीन नंबर. चार. त्यांनी एकही झाड सोडलं नाही.

माझं ते पहिलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे.

बारा नंबरपाशी आले. मी श्वास रोखला. ते झाडाकडे वर बघत होते, मी त्यांच्या डाव्या हाताला, बांबूमागे. वर बघत बघतच ते म्हणाले, "मॅडम, डास चावतील. बाहेर या."

मी ओढणी सोडवत बाहेर आले. "कसं दिसलं तुम्हाला?"

"कडेचं दिसतं," ते म्हणाले. "मधलं नाय दिसत. ज्याच्याकडे बघतो तेवढंच गायब. आता तुमच्याकडे बघतोय तर तुम्ही नाय. तुमच्या बाजूचा बांबू आहे."

डोळ्याच्या पडद्याचा आजार. डॉक्टरने सांगितलं होतं की बरा होणार नाही, चालता-फिरता येईल, वाचता येणार नाही. मग मला वहीतलं अक्षर आठवलं. मोठं मोठं होत गेलेलं, रेघ सोडून वर चढणारं. मी दर आठवड्याला त्यावर शिक्का मारला होता आणि माणूस म्हातारा होतोय म्हणून मनात हसलेही होते.

"सांगितलं का नाही, मामा?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला कपाटाच्या चाव्या देऊन खुर्चीवर बसवलं असतं. दयेने. होय की नाय?"

होय. तसंच केलं असतं मी.

"मग लिहिलंत कसं?"

"पहिल्या पाच-सहा वर्षांचं मला पाठ आहे ओ. कुठला नंबर कुठल्या आठवड्यात काय करायचा. तुम्ही आणि मी बघितलेलं. तेच घातलं." मग म्हणाले, "आंधळ्याने लिहायचंच आहे, तर बरं तरी लिहावं म्हटलं. तुम्ही वर्गात सांगायच्या, झाडं बिघडली, झाडं बिघडली. मी बाहेर नळ्या धूत ऐकायचो."

"आणि पेढे वाटले तेव्हा?"

"सांगणार होतो. शपथ. पण तुम्ही नाचत होत्यात. इतक्या वर्षांत तुम्हाला तसं नाचताना कधी बघितलं नव्हतं." मग स्वतःशीच हसले. "तेव्हापण नाय बघितलं म्हणा. कडेकडेनेच."

आम्ही दोघं बारा नंबरखाली बसलो. त्यांनी तपकीर ओढली, मी डासांचे चट्टे खाजवत राहिले. रागाचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. माणूस एक दिवस चुकला नव्हता. माझी वीस वर्षं मात्र त्या वहीत होती, आणि तिच्यातलं खरं कुठे संपतं ते मला माहीत नव्हतं.  तीन वर्षं गेली तर गेली. पण डोळे एका दिवसात जात नाहीत. वही एका ठिकाणी फुटली की सगळीच गळते. उद्या कुणीही विचारील, त्याच्या आधीच्या वर्षाचं काय? त्याच्याही आधीच्या? आणि ती झाडं आता पुन्हा मागे जाऊन बघता येणार नव्हती.

"मामा, नेमकं कधीपासून?"

"हळूहळू गेलं ना. डॉक्टरकडे गेलो त्याच्या वर्षभर आधीपासून अंधूक होतं."

"म्हणजे चार वर्षं."

"नाय. तीन."

"अहो, तुम्हीच म्हणताय..."

"तीनच. वही आणा. वाचून दाखवा."

मग सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेत आम्ही दोघं बसलो. मी वही सुरुवातीपासून न वाचता शेवटून मागे वाचत निघाले. एकेक गुरुवार, एकेक झाड. मी आकडा वाचायची, ते म्हणायचे, "हे नाय. हे पण नाय. हे पाठ." मी पानावर शिसपेन्सिलीने फुली मारायची. एक वर्ष गेलं. दुपारचे पंखे फिरत होते आणि माझं संशोधन माझ्याच हाताने फुली-फुलीने खलास होत होतं. दुसरं वर्ष गेलं. त्यांनी एकाही आकड्यासाठी रदबदली केली नाही. तिसरं वर्ष संपत आलं, जुलैचं एक पान आलं, मी वाचलं, आणि पेन्सिल टेकवणार तोच ते म्हणाले, "थांबा. कितवी तारीख?"

मी सांगितली.

"हे पण नाय. पण ह्याच्या मागचं पान वाचा. मधे दोन गुरुवार नसतील."

खरंच नव्हते. मी मागचं पान उलटलं. तीन नंबर, पालवी दोन. चौदा नंबर, फळ चार.

"हे खरं," मामा म्हणाले.

"पण तेव्हा तुम्हाला दिसत नव्हतं."

"मला नव्हतं दिसत. तिला दिसत होतं."

त्यांची बायको. बोरीवलीतल्याच सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला जायच्या, मी त्यांना दोनदा भेटले असेन. नवऱ्याची मान वाकडी व्हायला लागली तेव्हा पहिल्यांदा त्यांनाच कळलं. त्यांनी दोन घरांना गुरुवारची सुट्टी सांगितली, त्यावरून एका घराने काम काढूनही घेतलं, आणि त्या वर्षभर दर गुरुवारी फेरीला आल्या. मामा नंबर चाचपायचे, त्या वर बघायच्या.

"तिला मांडव-बिंडव नाय कळायचा. दशावतार म्हटलं की ती झोपायची. तिचं आपलं भाकरीचं होतं. 'पाव फुगली', 'अर्धी फुगली', 'टम्म'. टम्म म्हटली की मी चार लिवायचो." मामांचा हात वहीच्या कडेवर होता. "मी कधी म्हटलं, अगं, तीन घालू काय, तर ओरडायची. 'अर्धीच फुगलीय, दोन लिव. बाईंका फसवतंस?'"

मधले ते दोन गुरुवार मला आता आठवले. त्या अचानक गेल्या होत्या. मी भेटायला गेले होते, महिनाभर रजा घ्या म्हटलं होतं, आणि मामा तेराव्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी फेरीला गेले होते. मी स्टाफरूममध्ये कौतुकाने सांगितलं होतं, माणूस दुःख असं गिळतो बघा.

शास्त्र म्हणून मी त्या वर्षाच्या नोंदी तशाच मान्य करू शकत नव्हते. त्या वर्षी आमची मुलं त्याच वाटेने सहलीला गेली होती, त्यांचे फोटो मागवले. त्यांत चकत्या दिसत होत्या, झाडं दिसत होती. जेवढी सापडली तेवढी ताडून बघितली. पोळ्या करणाऱ्या बाईचा एकही आकडा चुकला नव्हता.

प्राचार्यांना मी पत्र दिलं. त्यात चूक माझी म्हणून लिहिली, कारण शिक्का माझा होता. ते म्हणाले, "एवढं लिहायची गरज आहे का?" मी म्हटलं, आहे. स्टाफरूममध्येही सांगितलं, ज्यांनी ज्यांनी पेढे खाल्ले होते त्या सगळ्यांसमोर, अगदी अभिनयासकट, बांबूच्या बेटासकट. हसले सगळे. संख्याशास्त्राचे सर तेवढे हसले नाहीत. माझ्यासाठी चहा ओतून आणला आणि समोर ठेवला.

पुढच्या दोन वर्षांच्या नोंदी हातात आल्यावर लेख पुन्हा लिहिला. तीन वर्षं कोरी सोडली. त्या कोऱ्या जागेच्या पलीकडे, मी स्वतः जायला लागले तेव्हापासूनचे ठिपके आहेत. रेघ वळलेली नाही. जिथे असायला नको तिथेच आहे, आणखी खाली. मामांना मी म्हटलं की नाव तुमचं राहणार. ते म्हणाले, "माझं काढा. तिचं घाला." मी दोघांचंही घातलं. मासिकाच्या संपादकांनी विचारलं, ह्या बाई कुठल्या संस्थेच्या? मी कळवलं, कुठल्याही नाही, पोळ्या करायच्या, आणि आता हयात नाहीत. त्यांनी एक वर्ष नियमाने निरीक्षण केलं. संपादक बरेच दिवस गप्प होते, मग छापलं.

वहीचा उलगडा झाला त्याच वर्षीच्या मे महिन्यात मामा निवृत्त झाले. नारळ, शाल, सगळं झालं. पण जून सुरू झाला आणि पहिल्या गुरुवारी सकाळी ते उद्यानाच्या गेटवर उभे. "घरात काय करू?" म्हणाले. तेव्हापासून आम्ही दोघं जातो. वर बघायचं काम माझं, लिहायचंही माझं. ते नुसते बरोबर असतात. अंगठ्याने नंबर मात्र तेच सांगतात, मला चकतीकडे बघू देत नाहीत.

आत्ता गेल्या गुरुवारी एका झाडाखाली थांबलो. ह्या आठवड्यात त्याला फूल असायचं, पहिल्या पाच-सहा वर्षांत. मामांना ते पाठ आहे, मलाही आहे. त्यांनी बुंध्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या बाजूच्या हवेकडे तोंड केलं.

"काय आहे?"

"फूल शून्य."

"कळी?"

"कळी शून्य. फळ धरून गळूनही गेलंय. खाली सडा आहे."

त्यांनी चप्पल पुढे सरकवली. पायाखाली काहीतरी कुस्करलं.

"नीट बघा, मॅडम. वरच्या फांदीला कधीकधी मागून येतं."

मी नीट बघितलं. मान मागे टाकून, कपाळावर हात धरून, फांदीन् फांदी बघितली. मला अजून सगळं मधोमध, लख्ख दिसतं.

"नाही, मामा."

 मग त्यांनी हात काढला आणि पुढच्या झाडाकडे चालायला लागले. मी शून्य लिहिलं.